पोर्फियादाच्या पंपाची तार

मी पक्कड बोलतेय. खिळे उपटायची नव्हे, तारेची. टोकाशी तार कापायची, मधल्या खाचांत तिच्यावरचं प्लास्टिकचं कातडं सोलायचं आणि जबड्याच्या पोटात लग दाबायचा, अशी तीन कामं मला येतात. लग म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची तांब्याची टोपी. एका बाजूला पोकळ मान, दुसऱ्या बाजूला स्क्रूत अडकवायचं कडं. तारेचं टोक त्या मानेत घालायचं आणि मी करकचून चावायचं. चावा नीट बसला की तार आणि लग एकजीव होतात. मग वर्षानुवर्षं तिथून वीज जाते आणि त्या जागेची कुणाला आठवणही होत नाही. आमच्या कामाचं असंच आहे. चांगलं झालं की ते दिसत नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला सांगता यायचं नाही. तापलेलं पोलाद, तेलाचा वास आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच आठवतं. डोळे उघडले ते दूर दक्षिणेकडच्या चिलोए बेटावर, कास्त्रो गावातल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात. कुलुपं आणि कंदील यांच्यामध्ये खिळ्याला टांगलेली होते. बाहेर पाऊस होता. त्या बाजूला तो बहुतेक असतोच.

मला विकत घेतलं निबाल्दो नावाच्या ट्रकवाल्याने. का, तर माझ्या मुठी लाल होत्या आणि त्याला लाल रंग आवडायचा. त्याने माझ्याकडून खिळे उपटून घेतले, चुलीवरचं गरम झाकण उचलून घेतलं, एकदा तर खेकड्याची नांगीही फोडून घेतली. जे करायला मी जन्मले ते सोडून सगळं केलं. मग एक दिवस मी त्याच्या सीटखाली घसरले ती तिथेच राहिले. दोन हिवाळे तिथे गंज खात पडले होते. तरी मी निबाल्दोला बोल लावत नाही. त्याने मला विसरून सीटखाली टाकलं नसतं तर मला एर्सिलिया भेटली नसती.

एर्सिलिया नावेल्किन तेव्हा आचाओ बंदरातल्या एका ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक लोकांचा स्वयंपाक करायची. वय एकोणतीस. नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला पलीकडे अर्जेंटिनात गेलेला. आधी पत्रं यायची, मग नाताळला एखादं, मग तेही नाही. गॅरेजात विजेचं काम करणारा एक म्हातारा होता, एका कानाने बहिरा. चुलीवर रस्सा ठेवून एर्सिलिया त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहायची.

"बाई, रस्सा करपेल," म्हातारा म्हणायचा.

"करपू दे. ही पिवळी तार कुठे जाते ते सांगा."

असं चार वर्षं चाललं. रस्सा किती वेळा करपला ते मेकॅनिकांना विचारा. पण म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हा त्याच्या जागी कोण, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

निबाल्दोच्या ट्रकचे मागचे दिवे लागेनात म्हणून ती तार शोधत सीटखाली शिरली आणि तिच्या हाताला मी लागले.

"ही कुणाची?"

"माझीच. पण बिनकामाची आहे. खिळासुद्धा धड निघत नाही तिच्याने."

"ती खिळ्यांसाठी नाहीच आहे, निबाल्दो."

"मग घेऊन जा. तुला कशासाठी आहे ते कळतंय, तर तुझीच."

तिने मला रॉकेलमध्ये भिजत घातलं, चुलीतल्या राखेने घासलं, सांध्याला मेंढीच्या लोकरीचं तेलकट मेण चोळलं. माझ्या लाल मुठींचं प्लास्टिक केव्हाच फाटलं होतं. तिथे तिने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. मग एक लग घेतला, एक तार घेतली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं काम केलं. तिने ती तार तीनदा ओढून बघितली. निघाली नाही. मग मला खिशात घालून घरी घेऊन गेली. एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता.

तिचं घर आचाओच्या समोरच्या छोट्या बेटावर होतं. त्याच सुमाराला बेटावरच्या लाकडी बोटींना इंजिनं बसू लागली. इंजिन आलं की दिवे आले, पाणी उपसायचा पंप आला, आणि तारा आल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत तारेचा जोड कच्चा असेल तर वर्षभरात हिरवा पडून कुजतो. पण बाईच्या हातात बोट द्यायला कुणी धजेना. सगळ्यात आधी दिली ती एलिओदोरो चिग्वायने. त्याची बोट त्याच्या बापाने सायप्रसच्या लाकडातून बांधलेली. तिचं नाव 'पोर्फियादा'. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हट्टी.

"दोन हट्टी बायका एका जागी आल्या की काय होतं ते मला बघायचंय," एलिओदोरो धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाला.

"होतं काय, तिसऱ्याने गप्प बसायचं असतं," एर्सिलिया बोटीच्या तळातून म्हणाली.

लोक हसले. पण त्या हिवाळ्यात पोर्फियादाचे दिवे एकदाही गेले नाहीत. पुढच्या वर्षी सहा बोटी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी वीस. तिकडे कसबी माणसाला मायेस्त्रो म्हणतात. एर्सिलियाला सगळे मायेस्त्रा म्हणू लागले. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं होतं, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून.

तीस वर्षं मी तिच्या हातात होते. शाळेतली घंटा, चर्चमधला भोंगा, बाळंतपणाच्या खोलीतला दिवा, कितीतरी गोष्टी आम्ही दोघींनी चालू केल्या. माणसांची एक गंमत मी पाहिली. दिवा लागला की सगळे दिव्याकडे बघतात. एर्सिलिया मात्र माझ्याकडे बघायची, फडक्याने पुसायची आणि मगच पिशवीत ठेवायची. आणि प्रत्येक जोड तीनदा ओढून बघायची. त्यात कधी खंड पडला नाही. म्हणजे एकदा पडला, तेच सांगायला मी बसलेय.

बेटावर विजेचं काम करणारा दुसरा एक होता. रोसामेल ओयार्सो, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. मासे पाळायच्या कंपनीत नोकरी करून परत आलेला. बोलायला गोड, कामाला झटपट. त्याच्याकडे माझ्यासारखी पक्कड नव्हती. तो तारा पिळून जोडायचा आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळायचा. एर्सिलियाला ते बघवायचं नाही.

"रोसामेलच्या बोटी पाण्यावर नाही, चिकटपट्टीवर तरंगतात," ती दुकानात म्हणायची. लोकांना ते आवडायचं. रोसामेलही हसायचा, पण कान लाल व्हायचे.

पुढे एर्सिलियाची बोटं दुखायला लागली. आधी थंडीत, मग बाराही महिने. सांधे सुजून बटाट्याच्या कोंबासारखे वर आले. मला हे सगळ्यांच्या आधी कळलं. माझी मूठ मिटताना तिचा हात थरथरायचा. ती मला दोन हातांनी दाबू लागली, मग एक मूठ मांडीवर टेकवून दुसरीवर भार द्यायला शिकली. कुणी आलं की हात ॲप्रनखाली घ्यायची. मायेस्त्राचा हात गेला तर तिच्यापाशी राहिलं काय, असं तिला वाटत असावं. हे मी तिच्या बोटांवरून सांगतेय. तोंडाने ती कुणाशी बोलली नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एलिओदोरोने पोर्फियादाला नवा पंप घेतला. बोटीच्या तळाशी झिरपलेलं पाणी साचतं, ते हा पंप आपोआप बाहेर फेकतो. एर्सिलिया पोटावर झोपून तळात शिरली होती. जागा इतकी अरुंद, की मांडीचा आधार घ्यायला वाव नव्हता. दोन्ही हातांनी तिने मला दाबलं. माझं तोंड पूर्ण मिटलं नाही. लगाची मान चेपली, पण तार तिच्यात रुतली नाही. मला कळलं होतं. पण मी पोलाद, मी बोलणार कशी?

"मायेस्त्रा, ओहोटी लागलीय. बोट वाळूत बसेल," वरून एलिओदोरोने हाक मारली.

तिने तार ओढून पाहिली नाही. बोटं इतकी ठणकत होती की चिमूट धरवत नव्हती. तिने स्क्रू आवळला, फळी लावली आणि वर आली.

आठ महिने तो जोड कसाबसा टिकला. मधे मे महिन्यात रोसामेलने त्याच बोटीत नवा रेडिओ बसवला. आणि जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी ते झालं.

मी तिथे नव्हते. जे झालं ते मी चुलीशेजारी बसून ऐकलं. पोर्फियादात अकरा माणसं होती, शिवाय बटाट्याची पोती आणि दोन मेंढ्या. उत्तरेचा वारा सुटला होता. तळात पाणी चढत गेलं. पंप बंद आहे हे इंजिनाच्या आवाजात कुणाला कळलं नाही. पाणी इंजिनाला लागलं, इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने बोट खडकांवर नेऊन आपटली. दुसरी एक बोट मागून येत होती म्हणून अकराही माणसं वाचली. मेंढ्या गेल्या. एलिओदोरोच्या बायकोचा, उबेर्लिंदाचा, पाय बोटीच्या कडेत आणि खडकात सापडून दोन जागी मोडला. आणि एलिओदोरोच्या बापाने बांधलेली बोट अर्ध्या तासात लाकडाचा ढीग झाली.

किनाऱ्याला लागलेल्या तुकड्यांत काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा लोंबत होत्या. झालं. लोकांना आणखी काही बघायची गरज वाटली नाही. रोसामेलला कामं मिळायची बंद झाली. दुकानात तो शिरला की बोलणं थांबायचं. त्याच्या बायकोकडून बाजारात कुणी शिंपले घेईना. एर्सिलियाही त्या दिवसांत दुकानात एक वाक्य बोलून गेली: "चिकटपट्टीने पाणी उपसलं जात नाही." ते वाक्य संध्याकाळपर्यंत बेटभर झालं.

पाच आठवड्यांनी एलिओदोरो तिच्या घरी आला. हातात गोणपाटात गुंडाळलेला पंप.

"मायेस्त्रा, ढिगाऱ्यातून एवढाच धड निघालाय. चालेल का बघा. कधी नवी बोट झालीच, तर लागेल."

तो माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, पिऊन गेला. एर्सिलियाने पंप टेबलावर घेतला. तारेचा तुकडा पंपालाच होता आणि त्याचं टोक उघडं होतं, मोकळं, जसं सोललं तसं. पंप जिथे जोडला होता ती पितळी पट्टीही सोबत आली होती. तिच्या स्क्रूखाली लग तसाच होता. नुसता लग, आत तार नाही.

तिने चष्मा लावला. लग खिडकीपाशी नेला.

माझ्या जबड्याच्या पोटात एक टवका उडालेला आहे. फार वर्षांपूर्वी चालू बॅटरीची तार चुकून कापली गेली, ठिणगी उडाली आणि तिथलं पोलाद वितळलं. तेव्हापासून मी दाबलेल्या प्रत्येक लगावर एक बारीक तिरकी रेघ उमटते. ती रेघ त्या लगावर होती. पण फिकट. अर्ध्या चाव्याची.

एर्सिलिया खुर्चीवर बसली. चुलीवरची किटली उकळून उकळून आटली, तरी उठली नाही. शेवटी तिने तो लग ॲप्रनच्या खिशात टाकला. तीन दिवस तो तिथेच होता. ती शेणखत टाकायला गेली, लग खिशात. चर्चमध्ये गेली, लग खिशात. समुद्र तिच्या दारापासून चाळीस पावलांवर. एक गोटा फेकतो तसा तो फेकून दिला असता, तर जगात कुणाला कळणार नव्हतं. एकदा ती पाण्यापर्यंत गेलीही. मी तिच्या दुसऱ्या खिशात होते. ती बराच वेळ उभी राहिली आणि परत आली.

चौथ्या दिवशी दुपारी दारात रोसामेल. दाढी वाढलेली, हातात त्याचं विजेचं मीटर.

"हे तुम्ही ठेवा, मायेस्त्रा. पुंता आरेनासला माझा भाऊ आहे, आम्ही तिकडे चाललोय. तिथे मला हे लागायचं नाही. मी हे काम सोडलं."

"बस."

"बसत नाही. एकच विचारायचं होतं. तुम्हाला यातलं कळतं म्हणून." तो दाराच्या चौकटीला टेकला. "रेडिओची तार तळातून नेताना माझा हात पंपाच्या तारेला लागला असेल का? आधी मी शपथेवर सांगायचो, नाही लागला. आता डोळे मिटले की रोज लागलेला दिसतो. उबेर्लिंदामावशीचा पाय दिसतो. मला वाटायला लागलंय, माझ्याच हातून झालं असेल."

एर्सिलियाचा हात खिशावर गेला. मला वाटलं, आता काढेल. तिने काढला नाही.

"रविवारी शाळेत सभा आहे," ती म्हणाली. "तोवर जाऊ नकोस."

"कशाला? उरलेल्या शिव्या खायला?"

"मी सांगते म्हणून थांब. एवढं ऐक माझं."

रविवारची सभा एलिओदोरोच्या नव्या बोटीसाठी होती. शाळेच्या खोलीत शेगडी पेटवलेली, माते हातोहात फिरत होता. कुणी सायप्रसची दोन झाडं देतो म्हणालं, कुणी बैलजोडी, कुणी सुताराचे आठ दिवस. उबेर्लिंदा पुढे बसली होती, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून. रोसामेल दाराशी, निघायच्या तयारीत असल्यासारखा.

एर्सिलिया उठली. तिने तो लग एलिओदोरोच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमच्या पंपाचा. चष्मा लावा आणि त्यावरची रेघ बघा."

मग तिने मला बाहेर काढलं, एक कोरा लग माझ्या जबड्यात ठेवला, तारेचं टोक घातलं. तीच रेघ उमटते, हे तिला सगळ्यांना दाखवायचं होतं. तिने मूठ दाबली. मी मिटले नाही. तिने दुसरा हात लावला. तिची बोटं पांढरी पडली, खांदे थरथरले. मी माझ्या परीने सगळा जोर लावला, पण मला स्वतःचा जोर नसतो. जो असतो तो धरणाऱ्याचा.

तिने मला खाली ठेवलं. तार लगातून आपोआप निसटून टेबलावर पडली.

"हे असं झालं होतं," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. त्या दिवशी मी ओढून पाहिलं नाही. रोसामेलचा यात काही संबंध नाही. मी मात्र त्याच्यावर बोलले. दुकानात बोलले, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं."

पहिली बोलली ती उबेर्लिंदा. दोघी एका शाळेत, एका बाकावर शिकलेल्या.

"हात कधीपासून असे?"

"तीन हिवाळे."

"तीन हिवाळे तू माझ्या शेजारी बसून लोकर काततेस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही."

उबेर्लिंदाने प्लास्टरवर हात फिरवला. "पायाचा राग जाईल एखाद्या वेळेस," ती म्हणाली. "न सांगितल्याचा लवकर जायचा नाही. आता माझ्याकडे बघू नकोस."

एलिओदोरो लग बोटांत फिरवत होता. "बोट बापाची होती," तो हळू म्हणाला. "रोसामेलला मी दारात उभं केलं नाही. तो आला होता, दोनदा. मी कुत्रं सोडलं." एवढं बोलून त्याने दाराकडे पाहिलं. पण रोसामेल तिथे नव्हता. तो निघून गेला होता.

एर्सिलिया स्वतःहून बंदराच्या कचेरीत गेली, जबाब दिला, बोटींच्या कामाचा परवाना परत केला. घरी येऊन तिने मला पुसलं, सांध्याला मेण लावलं आणि चमच्यांच्या खणात ठेवलं. तिथे मी दोन महिने होते. चुलीची ऊब खणापर्यंत यायची. मी तक्रार करणार नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला हलकं वाटत होतं. जे मला माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं, ते ती बोलली होती.

रोसामेल पुंता आरेनासला गेला नाही. ऑक्टोबरात एका सकाळी तो आला आणि दारातूनच सुरू झाला.

"सहा आठवडे, मायेस्त्रा. माझ्या बायकोशी सहा आठवडे कुणी बोललं नाही."

"हो."

"माझी मुलगी शाळेतून रडत यायची."

"हो."

"नुसतं हो काय म्हणता? भांडा तरी. मी घरून सगळं ठरवून आलोय."

"काय भांडू? तू म्हणतोस ते सगळं खरं आहे."

तो टोपी काढून बसला. एर्सिलियाने त्याच्यापुढे गरम चापालेले ठेवले, बटाट्याची ती जाड भाकरी. वर घालायच्या मधाच्या बरणीचं झाकण तिच्याने उघडेना. त्याने उघडून दिलं.

"एलिओदोरोकाका म्हणतात नव्या बोटीच्या तारा तू कर," तो खात खात म्हणाला. "मी हो म्हणालो. मग विचार केला, करणार कसं? पिळून आणि पट्टी लावून? तुम्ही बोलायचा ते कडू लागायचं, कारण खरं होतं."

"मला बोटीत काम करायची मुभा नाही."

"काम नका करू. बसून शिव्या द्या. त्याला परवाना लागतो का?"

एर्सिलिया हसली. किती महिन्यांनी, ते मला आठवत नाही. तिने खण उघडला आणि मला त्याच्या हातात दिलं. रोसामेलचा हात रुंद, गरम, जरा घामट. त्याने पहिला लग दाबला आणि मी पूर्ण मिटले. टोकापासून पोटापर्यंत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्यासारख्या वस्तूला जर सुख होत असेल, तर ते तेव्हा झालं.

"चांगला आहे," एर्सिलिया म्हणाली. "आता काढ."

"का? चांगला आहे म्हणालात ना?"

"नशिबाने चांगला आला. कसा आला ते कळेपर्यंत काढत राहा."

त्या दिवशी त्याने चाळीस लग वाया घालवले. ती खुर्चीत बसून बघत होती, हात मांडीवर उघडे ठेवून. ॲप्रनखाली नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. नवी पोर्फियादा तेव्हापासून पाण्यावर आहे. रोसामेलला लोक मायेस्त्रो म्हणतात, आणि माझ्यासमोर तरी तो अजून लाजतो. माझा सांधा सैल झालाय, कापायची धार बोथटलीय. मोठ्या तारांसाठी त्याने नवी पक्कड घेतली. ती अशी बनवलीय की चावा पुरा झाल्याशिवाय तोंड सोडतच नाही. मला तिचा हेवा वाटत नाही. अशी ती आधी जन्मली असती तर बरं झालं असतं, एवढंच वाटतं. बारीक कामाला तो अजून मलाच घेतो.

मागच्या महिन्यात आम्ही नव्या पोर्फियादातच होतो. केबिनमधला दिवा लुकलुकत होता, त्याचं काम होतं. बाजाराचा दिवस, बोट भरलेली. एर्सिलिया दवाखान्यात चालली होती. आता पंचाहत्तरी आली, बोटं मिटतही नाहीत, उघडतही नाहीत. उबेर्लिंदा काठी टेकत चढली. अकरा वर्षांत दोघी भेटल्या की बोलायच्या, पण जेवढ्यास तेवढं. हवामान, मेंढ्या, कोण आजारी आहे. लोकर कातायला पुन्हा एकत्र बसल्या नव्हत्या.

केबिनमध्ये एकच बाक रिकामा होता. उबेर्लिंदा तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने टोपलीतून उकडलेलं अंडं काढलं, सोललं, मीठ लावलं. अर्धं स्वतः खाल्लं. उरलेलं अर्धं तिने एर्सिलियाच्या तोंडापाशी धरलं.

"खा," ती म्हणाली. "आणि पुढल्या आठवड्यापासून घरी येत जा. तुला कातता येत नाही, माहीत आहे मला. नुसतं बसायला ये."

एर्सिलियाने तोंड उघडलं.

रोसामेलने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने दिव्याच्या तारेला लग लावला, मला मिटलं, आणि दिवा स्थिर झाला. मी एक साधी पक्कड आहे. गंजून सीटखाली मरायची होते, त्याऐवजी मला एवढं सगळं बघायला मिळालं. ज्या हातांनी मला धरलं त्या सगळ्यांची मी आभारी आहे. जे हात दुखत असूनही धरत राहिले, त्यांची जास्त. तुमच्या घरात असा एखादा हात असेल, तर त्याला विचारा. तो आपणहून सांगायचा नाही.

आता रोसामेल मला फडक्यात गुंडाळतोय. समोर आचाओचा धक्का दिसायला लागलाय. येते मी.